आल्बिनाची सही

वाढणाऱ्या शर्लीने टेबलावर तीन चटण्या मांडल्या आणि आजच्या जेवणात कोण कोण आहे ते सांगायला सुरुवात केली.

"लाल माठ सिप्रियन अंकलचा. केळफूल इथल्याच वाडीतलं. दुधी केनी काकांकडचा, आगाशीवरून येतो. कोलंबी अर्नाळ्याची, सकाळी सातला आलीय. सगळं त्या बोर्डवर लिहिलंय आंटी, बघा ना."

ज्युलीने चष्मा वर सरकवून बोर्ड वाचला आणि ती खूश झाली. "बघ गो आल्बिना, दुधीलासुद्धा बापाचं नाव लावलंय!"

आल्बिना हसायचं म्हणून हसली. तिचा एक हात मांडीवरच्या पिशवीवर होता. पिशवीत खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली होती. तिच्यात सकाळी चर्चमध्ये मिस्साला जाण्याआधी आल्बिनानं कोमट पाणी, तीन चमचे मोहरीची पूड आणि मूठभर मीठ कालवून भरलं होतं. तिच्या आईचं हे औषध. लहानपणी शेजारच्या पोरीनं कण्हेरीची बी खाल्ली तेव्हा आईनं तिला हेच पाजलं होतं. पाच मिनिटांत पोरीचं पोट रिकामं झालं होतं.

पावणेदोनला एकही टेबल रिकामं नसेल, असा आल्बिनाचा अंदाज होता. तेव्हा उठायचं, बाथरूममध्ये जाऊन बाटली तोंडाला लावायची, परत येऊन खुर्चीवर बसायचं. मग इथेच, ह्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर, सगळ्यांसमोर ओकायचं, आणि पोट धरून एकच वाक्य म्हणायचं: "जेवणात कायतरी आहे." चार दिवस मोगऱ्याच्या कळ्या खुडताना ती हे वाक्य मनात म्हणून बघत होती. मोठ्यानं म्हणावं की हळू, एवढंच ठरत नव्हतं.

ज्युलीला ह्यातलं काही माहीत नव्हतं. आज तिला साठ पूर्ण झाली होती. मस्कतला असलेल्या तिच्या मुलीनं, प्रियलनं, तिथूनच हे जेवण ठरवलं होतं. दोन माणसांचं. 'बरोबर कोणाला न्यायचं ते तूच ठरव' असं तिनं आईला सांगितलं, आणि ज्युलीनं ठरवायला एक मिनिटही घेतलं नाही. ती तडक स्कूटर काढून आल्बिनाच्या दारात आली.

"निर्मळला ते नवीन झालंय ना, 'परस' नावाचं. वाडीतलं तोडतात नि तिथंच रांधतात. आपण जाऊ."

"मला नाय जमत असलं काय," आल्बिना म्हणाली होती. "वाडीतलं रांधून आपण रोजच खातो."

मग ज्युलीनं फोनवर तिथले फोटो दाखवले. आंब्याखाली मांडलेली टेबलं, मातीची भांडी, आणि हातात वांग्यांची टोपली धरून हसणारा मालक. केस पिकलेले, अंगात सुती शर्ट. आल्बिनानं फोन हातात घेतला आणि तो चेहरा बोटांनी मोठा करून बघितला.

"येते मी," ती म्हणाली.

सोळा वर्षांपूर्वी फोटोतला हाच माणूस, ॲल्रॉय, सातिवलीच्या एका कारखान्यातली कँटीन चालवायचा, आणि आल्बिना तिथली मुख्य स्वयंपाकीण होती. चौदा वर्षं तिनं त्या चुलीवर काढली, ॲल्रॉयनं कँटीन घेतली त्याच्या आधीपासून. शुक्रवारी मासे असायचे. त्या शुक्रवारी सकाळी आठला टेम्पोतून दोन क्रेट बांगडे उतरले, तेव्हा बर्फाचं पाणी झालेलं होतं. ॲल्रॉयनं आदल्या दुपारी ते स्वस्तात उचलले होते आणि टेम्पोतच ठेवले होते. आल्बिनानं एक बांगडा उचलून बोटानं दाबला. खळगा पडला तो तसाच राहिला. कल्ले उघडून बघितले, तपकिरी.

"शेठ, हे खराब झालेत. माणसांना नको घालायला."

"आल्बिनाबाय, मसाला जास्त टाक. चिंच जास्त टाक. बाराचा भोंगा तुझ्यासाठी थांबणार आहे काय?"

तिनं मसाला जास्त टाकला. मीठ बघायला रस्सा तळहातावर घेऊन चाखला. सगळ्यांची जेवणं झाल्यावर स्वतःही तोच भात-रस्सा जेवली.

तीनच्या सुमारास माणसांचे चेहरे लालबुंद झाले, डोकी ठणकायला लागली, मग उलट्या. सदतीस माणसं हॉस्पिटलात गेली. अडतिसावी आल्बिना. दुसऱ्या दिवशी ॲल्रॉय तिच्या खाटेशी आला तो टाइप केलेला कागद घेऊन. 'सदर मासे मी माझ्या ओळखीच्या कोळणीकडून, मालकांना न विचारता घेतले.' पोलीस येतील, तो म्हणाला. तुला कोर्टात उभी करतील. सही केलीस तर घरातल्या घरात मिटेल. तिचा नवरा ॲन्सेल्म पायाशी उभा होता. तो घाबरट माणूस. म्हणाला, "कर बाय." उजव्या हाताला सलाईन लावलेलं, म्हणून तिनं डाव्या हातानं सही केली. वेडीवाकडी. ती तिची सही वाटतच नव्हती, पण चालली.

नोकरी गेली त्याचं तिला तेवढं वाटलं नाही. तिच्या गावात, गासला, लग्नाचं जेवण शेजारपाजारच्या बायका मिळून करत. लग्नातलं आंबट-तिखट मटण, इंद्याल, करायचं तर आल्बिनानंच, असं ठरलेलं होतं. दोन-दोन महिने आधी घरी येऊन सांगून जायचे. त्या शुक्रवारनंतर पहिलं लग्न आलं ते ॲन्सेल्मच्या पुतण्याचं. ती नेहमीसारखी पदर खोचून टोपापाशी गेली, तेव्हा थोरल्या जावेनं तिच्या हातातला डाव हळूच काढून घेतला. "तू लसूण सोल बाय. तुला कशाला त्रास." कोणी वाईट बोललं नाही. बोलले असते तर भांडता आलं असतं. सोळा वर्षं तिनं लग्नांमध्ये लसूण सोलली.

एकटी ज्युलीच दर रविवारी मिस्सा झाली की तिच्या घरात शिरायची, टोपावरचं झाकण उचलायची आणि उभ्याउभ्या बोटांनी खायची. 'माणसाकडून चूक होते,' ती एकदा म्हणाली होती. आल्बिना काही बोलली नव्हती. सही केली होती ना. सही केल्यावर खरं बोललं तर काय होतं ते तिला माहीत नव्हतं, आणि ॲन्सेल्म जिवंत होता तोवर त्यानं तिला ते कळूही दिलं नाही.

'परस'मध्ये तोच ॲल्रॉय आता टेबलांमधून फिरत होता. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून दोन शब्द बोलायचा, हसायचा, पुढे जायचा. त्यांच्या टेबलाशी आला. "बर्थडे गर्ल कोण? हॅपी बर्थडे आंटी!" ज्युलीचा हात हातात घेऊन त्यानं हलवला. मग आल्बिनाकडे बघितलं, रिकाम्या खुर्चीकडे बघावं तेवढंच, आणि पलीकडच्या टेबलाकडे वळला.

तो आपल्याला ओळखेल ह्याची तिला चार दिवस धास्ती होती. ओळखणारच नाही, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. तिनं घड्याळ बघितलं. एक वीस.

ताटं आली. पोटात थोडं काही हवं म्हणून तिनं भाकरीचा तुकडा मोडला, केळफुलाच्या भाजीत बुडवला आणि तोंडात घातला. आणि तिचं चावणं थांबलं.

एकेका फुलातला कडक दांडा नि पाकळी कोणीतरी नीट बसून काढली होती. नुसतं चिरून ताकात टाकलं की भागतं असं समजणारे असतात, तसं हे नव्हतं. वाल मोडला नव्हता आणि कच्चाही नव्हता. खोबरं हातानं वाटलेलं. आल्बिनाला एकदम राग आला. जेवण वाईट असतं तर किती सोपं झालं असतं.

"चांगलं आहे ना?" ज्युलीनं विचारलं.

"कोण रांधतं इथं?" आल्बिनानं शर्लीला विचारलं.

"कमळीताई. त्यांचं पण नाव आहे बोर्डवर. सगळ्यात खाली."

आल्बिनानं आता तो बोर्ड नीट वाचला. माठ कोणाचा, दुधी कोणाचा, तांदूळ कोणाचा, कोलंबी कोणाची, आणि खाली 'आजची चूल: कमळीताई'. प्रत्येक गोष्टीपुढे एकेक नाव होतं. एवढ्या नावांत ॲल्रॉयचं नाव कुठे नव्हतं.

पावणेदोनला ती पिशवी घेऊन उठली.

बाथरूमकडे जाणारी वाट स्वयंपाकघरावरून होती आणि स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. आत चाळिशीची एक किडकिडीत बाई तव्यावर भाकरी फिरवत होती. कपाळावर घाम, नाकात चमकी. आल्बिना थांबलेली बघून ती म्हणाली, "काय पायजे मावशी? पानी देऊ?"

"केळफूल तू साफ केलंस?"

"मीच. पहाटे पाचला बसलेली. हात बगा." तिनं बोटं दाखवली. चिकानं काळी पडली होती. "पोरी येतात मदतीला, पन त्यांचं मन नाय लागत. एक दांडा राहिला तरी तोंडात येतो. बरं झालंय का?"

"चांगलं झालंय," आल्बिना म्हणाली. तिला ते म्हणायचं नव्हतं. "बोर्डवर नाव बघितलं तुझं."

कमळी खुलली. "बोर्डावर काय, हितं पन हाय. तिकडं बगा, काचेत." भाकरीचं पीठ लागलेल्या हातानं तिनं भिंतीकडे बोट केलं. "लायसन हाय हाटेलाचं. शेठ बोलले, चुलीची राणी तू, मग नाव दुसऱ्या कोनाचं लावू? माज्या पोरीनं फोटो काढून नेला शाळेत दाखवाया."

आल्बिना जवळ गेली. चष्मा डोळ्यांवर घेतला आणि शाळेतल्या थोड्याफार इंग्लिशवर एकेक शब्द लावत वाचलं. वर मालकाच्या जागी कुठल्याशा कंपनीचं नाव होतं. खाली, जेवणाखाणाच्या बाबतीत जबाबदार व्यक्ती म्हणून कमळीचं पूर्ण नाव, पत्ता. शेजारी ती जबाबदारी कमळीनं घेतल्याचा दुसरा कागद होता, तळाशी तिची सही. एकेक अक्षर सुटं, थांबून थांबून काढलेलं.

"काय लिहिलंय ते वाचलंस?"

"इंग्लिशमधी हाय ते. वाईट थोडंच लिवतील काय?" कमळीनं भाकरी उलटली. ती टम्म फुगली.

बाथरूममध्ये आल्बिनानं कडी लावली आणि बाटलीचं झाकण काढलं. मोहरीचा झणका नाकात गेला. तिनं बाटली ओठांपर्यंत नेली आणि पुढचं सगळं तिला दिसलं. पांढऱ्या कापडावरची घाण, वर उठलेले फोन, धावत येणारा ॲल्रॉय. तो आधी तिच्या पाठीवर हात ठेवेल. आवाज हळू करेल. मग वळून म्हणेल, कमळीला बोलवा. उद्या एक कागद टाइप होईल. त्यातले शब्द आल्बिनाला पाठ होते. फक्त ह्या वेळी सही मागायचीसुद्धा गरज नव्हती. ती आधीच घेऊन, काच लावून, भिंतीवर टांगली होती.

तिनं बाटली बेसिनमध्ये ओतली आणि पिवळा रंग जाईपर्यंत नळ चालू ठेवला. कमळीची दया आली म्हणून ओतली असं म्हणता येणार नाही. नेम धरायला ती आली होती, आणि तो माणूस दुसऱ्या बाईच्या आड उभा होता. पूर्वी तिच्या आड उभा होता तसाच. बाटली रिकामी झाली तरी राग जागच्या जागी होता.

ती परतली तेव्हा टेबलावर गुळातली राजेळी केळी आली होती आणि एका केळ्यात मेणबत्ती खोचलेली होती. वाढणाऱ्या पोरी टाळ्या वाजवत होत्या. ज्युलीनं फुंकर मारली, पहिला घास आल्बिनाला भरवला. शर्लीनं एक जाड वही आणून ठेवली. "आंटी, अभिप्राय लिहा ना. सर सगळे वाचतात. चांगले असले तर मोठ्यानं वाचून दाखवतात."

ज्युलीनं दोन ओळी लिहिल्या, खाली फूल काढलं. मग आल्बिनानं वही ओढून घेतली.

ती बराच वेळ लिहीत होती. सातवीपर्यंतचं शिक्षण, अक्षर गोल, ओळ सरळ. पेन घट्ट धरल्यानं बोट पांढरं झालं होतं.

'दिनांक २४ एप्रिल २००९, शुक्रवार. सातिवलीच्या कँटीनमध्ये बांगडे ॲल्रॉय शेठनी आणले होते. ते खराब होते. मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले मसाला जास्त टाक. मी टाकला. सदतीस माणसं आजारी पडली, मी पण. मासे मी आणले अशी सही त्यांनी माझ्याकडून हॉस्पिटलात घेतली. ती खोटी आहे. आज इथलं जेवण चांगलं होतं. ते कमळीनं केलं आहे.' आणि खाली उजव्या हातानं, पूर्ण नाव घालून, सही.

ज्युली खांद्यावरून वाचत होती. तिच्या हातातला चमचा तसाच राहिला.

"हे खरं आहे?"

"हो."

"मग सोळा वर्षं मला का नाय बोललीस? मी तर मनात धरून बसले होते, की चूक तुझीच."

"तरी खायचीस ना माझ्या घरी."

"खायचे," ज्युली म्हणाली. तिनं पर्समधून फोन काढला, ओढणीच्या टोकानं कॅमेऱ्याची काच पुसली, आणि त्या पानाचा फोटो घेतला. हललाय का बघून आणखी एक घेतला.

ॲल्रॉय येतच होता. "काय, लिहिलं का आंटीनी? अरे, एवढं मोठं!" त्यानं वही उचलली आणि चार टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात सुरुवात केली. "दिनांक चोवीस एप्रिल दोन हजार नऊ, शुक्रवार. सातिवलीच्या कँटीनमध्ये..."

तो थांबला. डोळे खाली सरकत गेले. शेजारच्या टेबलावरचं जोडपं हसत वाट बघत होतं.

"वाचा ना पुढे," ज्युली म्हणाली. शाळेत पस्तीस वर्षं पोरांना वाचायला उभं केलेला आवाज होता तो. "मोठ्यानं वाचा. मागे ऐकू जायला पाहिजे."

ॲल्रॉयनं पान फाडलं. घाईनं नाही, शिवणीपासून नीट. घडी केली आणि खिशात घातली. शेजारच्या जोडप्याचं हसू गेलं. तो वाकला आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "आल्बिनाबाय, इथं नको. आपण नंतर बसून बोलू."

"ओळखलंत तर," आल्बिना म्हणाली.

ती उभी राहिली. खुर्चीचा आवाज झाला म्हणून म्हणा, की पान फाडल्यावर पसरलेल्या शांततेनं म्हणा, कमळी स्वयंपाकघराच्या दारात आली होती. आल्बिना तिच्याकडे बघून बोलली. मोठ्यानं की हळू, हा प्रश्न ह्या वेळी पडला नाही.

"कमळी, तो काचेतला कागद कोणाकडून तरी वाचून घे. तुझ्या पोरीकडून घे. आणि कशाला वास आला तर ओतून दे. मसाला टाकू नको. कोणी काय पण सांगू दे."

बाहेर आंब्याखाली ज्युलीनं स्कूटरला चावी लावली, पण चालू केली नाही.

"तू इथं यायला लगेच तयार झालीस. मला वाटलं माझ्यासाठी."

आल्बिनानं तिला बाटलीचं सांगून टाकलं. मोहरी, मीठ, पावणेदोन, सगळं. ज्युली ऐकत राहिली. मग म्हणाली, "माझ्या वाढदिवसाच्या टेबलावर ओकणार होतीस तू?"

"हो."

"आणि मी काय केलं असतं, विचार केलास? मी वेड्यासारखी तुला रिक्षात घालून हॉस्पिटलात पळाले असते. बीपीची गोळी घेते मी."

चार दिवस आल्बिनानं टेबलक्लॉथपासून घड्याळापर्यंत सगळ्याचा विचार केला होता. समोरच्या खुर्चीत ज्युली असेल, हे तिच्या हिशेबातच नव्हतं. "चुकलं माझं," ती म्हणाली. हे शब्द तिनं सोळा वर्षांत कोणाला म्हटले नव्हते.

ज्युलीनं चष्मा पुसून परत डोळ्यांवर घेतला. मग फोन काढला. "गावाच्या ग्रुपवर टाकू?"

"टाक."

"एकदा गेलं की गेलं. परत नाय घेता येणार."

"टाक म्हटलं ना."

ज्युलीनं अंगठा दाबला. "बस मागे," ती म्हणाली, आणि स्कूटर चालू केली.

ग्रुपवर पाचजणांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. थोरल्या जावेच्या मुलानं 'देव बघतो' असं लिहिलं. कोणी म्हणालं, जुनं उकरून काय मिळतं. आणि ग्लेन नावाच्या एका तरुण पोरानं विचारलं, 'खराब होते तर शिजवलं कशाला?'

ज्युली त्याला झापायला निघाली होती. आल्बिनानं थांबवलं. "राहू दे. बरोबर विचारलंय त्यानं." ती स्वतःला हेच विचारत आली होती. नोकरी जाईल म्हणून शिजवलं, आणि नोकरी गेलीच.

बुधवारी ज्युली नवी बातमी घेऊन आली. कमळीनं तो कागद आपल्या मुलीकडून वाचून घेतला, शिवाय मुलीच्या शाळेतल्या बाईंकडूनही. मग तिनं शेठला सांगितलं, नाव काढा, नायतर रविवारी दुसरी बाई बघा. भांडली वगैरे नाही. नुसती चुलीशी उभी राहीना.

गुरुवारी दुपारी गाडी थांबल्याचा आवाज आला, तेव्हा आल्बिना स्वयंपाकघरात होती. मे महिन्याचं ऊन अंगणात पांढरं पडलं होतं. कोण आलंय ते न बघताच तिच्या हातानं माठावरचं झाकण उचललं आणि स्टीलचा पेला भरला. मग खिडकीतून तिला तो सुती शर्ट दिसला. पेला ओट्यावर ठेवून ती रिकाम्या हातानं बाहेर आली.

ॲल्रॉय व्हरांड्यातल्या बाकावर न सांगताच बसला. मानेवरचा घाम पुसला. आल्बिना बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकली.

"तो फोटो ग्रुपवरून काढायला सांग ज्युलीबाईंना."

"तो आता माझ्या हातात नाही. कोणाच्याच नाही."

"माझ्याकडे पंचवीस माणसं कामाला आहेत, आल्बिनाबाय. त्यांच्या घरांचा तरी विचार कर." मग तो म्हणाला, "बरं, काय पाहिजे तुला? कामाला ये. रविवारी तुझं इंद्याल ठेवू. बोर्डवर तुझं नाव लावतो."

"माझं नाव नको लावू," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती त्याला अरे-तुरे करत होती आणि ते किती सोपं आहे ह्याचं तिला नवल वाटलं. "कमळीचं काढ. तुझं लाव."

"लायसन कालच दिलंय बदलायला. माझं नाव येईल त्यावर."

"मग झालं."

तो उठला नाही. आणखी काहीतरी मिळाल्याशिवाय त्याला जाता येत नसावं. अंगणात मोगऱ्याच्या रोपांना दिलेलं पाणी सुकून गेलं होतं. एक कोंबडी सावली शोधत भिंतीला चिकटून चालली होती.

"तेव्हा मी नवा होतो धंद्यात. माझ्यावर पण खूप होतं. वाटलं, लोक काय, चार महिन्यांत विसरतील."

"तू विसरलास," आल्बिना म्हणाली. "लोक नाही विसरले."

त्यानं मान खाली घातली. माफी मागेल असं क्षणभर वाटलं. तोंड उघडलंही. पण ओठ सुकले होते, त्यानं ते जिभेनं ओले केले आणि म्हणाला, "जरा पाणी मिळेल?"

दारात आलेल्याला आल्बिनानं कधी तहानलेलं पाठवलं नव्हतं. मीटर बघणाऱ्याला नाही, गॅसवाल्याला नाही, भांडून गेलेल्या दिराला नाही. पाणी मागणाऱ्याला नाही म्हणू नये, हे तिला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. तिनं त्याच्याकडे बघितलं. त्याचे डोळे घराच्या आत, जिथून गारवा येत होता तिकडे लागले होते.

"नाही," ती म्हणाली. "पुढे चर्चपाशी नळ आहे."

ॲल्रॉयला आधी ते कळलंच नाही. मग तो उठला. पायरी उतरताना भिंतीला हात लावला, उन्हात डोळे बारीक केले, गाडीपर्यंत गेला. गाडी वळेपर्यंत ती बाकावरून हलली नाही. वळल्यावर थोडी धूळ उडाली आणि बसली.

मग आल्बिना आत गेली. पेला ओट्यावरच होता, बाहेरून घामेजलेला, बुडाशी पाण्याचं गोल कडं झालेलं. तिनं तो उचलला आणि उभ्यानंच सगळं पाणी पिऊन टाकलं. पाणी चांगलं गार होतं.